शून्याचा स्क्रू

जगात खरेपणाची जी काही मोजकी ठिकाणं उरली आहेत, त्यांत आप्पांच्या वजनकाट्यांच्या कारखान्याचा नंबर बराच वरचा होता. तिथून बाहेर पडलेल्या काट्याने कधी कुणाला कणभर कमी दिलं नाही की गुंजभर जास्त दाखवलं नाही. बाजारात दोन दुकानदारांची जुंपली की तिसरा म्हणायचा, "आप्पांचा काटा आणा." काटा यायचा, भांडण मिटायचं, आणि नंतर तिघंही एकमेकांशी बोलेनासे व्हायचे, कारण खरं काय ते सगळ्यांसमोर कळलेलं असायचं.

या खरेपणाला अपवाद फक्त एक होता, आणि तो कारखान्याच्या वरच्या मजल्यावर राहायचा. त्यांना सगळे आई म्हणत.

त्याचं असं झालं होतं. आप्पांनी तरुणपणी माणूस उभा राहू शकेल असा पहिला मोठा काटा बनवला, तेव्हा तो तपासायला कारखान्यात पुरेशी वजनंच नव्हती. नुकतंच लग्न झालेलं. आप्पांनी बायकोला खाली बोलावलं आणि पोलादी पाटावर उभं केलं. काटा अठ्ठावन्नवर थांबला. "बरोबर आहे," आई म्हणाल्या. आप्पांना तेवढं प्रमाणपत्र पुरलं. त्यांनी 'खरा काटा' असं कोरलेली पितळी पट्टी काट्याच्या खांबावर स्वतःच्या हाताने बसवली. तेव्हापासून प्रथाच पडली. नवा नमुना तयार झाला की पहिलं वजन आईंचं. त्या आकडा बघून "बरोबर आहे" म्हणायच्या आणि मगच पट्टी चढायची.

नमुन्यामागून नमुने आले. मुलगा झाला, मोठा झाला, त्याचं लग्न झालं, आप्पांचे केस पांढरे झाले. आई अठ्ठावन्नच राहिल्या.

एखाद्या डॉक्टरला याचा उलगडा करता आला नसता. आप्पांना येत होता. काट्याच्या मागच्या बाजूला शून्य जुळवायचा एक बारका स्क्रू असतो. आई जिना उतरायच्या आत आप्पा तो किंचित फिरवायचे, आणि त्या वर गेल्या की जिथल्या तिथे आणायचे. अलीकडे 'किंचित' म्हणजे तब्बल पाच किलो झालं होतं.

सुनेला हे ठाऊक होतं. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी ती चहाचे कप उचलायला खाली आली आणि आप्पांचा हात तिला काट्यामागे सापडला.

"तेल देत होतो," आप्पा म्हणाले.

स्क्रूड्रायव्हरने तेल देणारा माणूस ती प्रथमच पाहत होती. पण सासरे पडले. "द्यायलाच हवं," ती म्हणाली, आणि कप घेऊन गेली.

सून शिकलेली होती, म्हणजे घरात सगळेच शिकलेले होते, पण तिच्या शिक्षणाचा उपयोग होता. इस्पितळातल्या यंत्रांसाठी प्रोग्राम लिहिण्याची चांगली नोकरी सोडून ती सासरच्या कारखान्यात आली होती. इलेक्ट्रॉनिक काट्यांचा विभाग तिने सुरू केला. काटे बरे खपत. पण त्यांच्यावर पितळी पट्टी नसायची. छापील स्टिकर असायचं. कारण त्यांच्या आतला मेंदू म्हणजे बाहेरच्या एका कंपनीकडून आणलेली बंद पेटी होती. एकदा एका काट्याने वजनाऐवजी 'ई सात' असं दाखवायला सुरुवात केली. आप्पांनी कंपनीला फोन लावला. तिकडून सांगण्यात आलं, की पेटी उघडू नका, उघडलीत तर हमी संपेल.

"माझ्या काट्याच्या पोटात काय दुखतंय हे मी बघायचं नाही?" आप्पा फोनवर ओरडले. मग फोन ठेवून शांतपणे म्हणाले, "जे उघडता येत नाही ते आपलं नाही. स्टिकरच लावा."

त्या दिवसापासून कारखान्यातला वेल्डर तिच्या विभागाला 'स्टिकरवाले' म्हणू लागला. प्रेमानेच म्हणायचा. म्हणून तर जास्त लागायचं. सुनेला त्या कारखान्यात मोठं केबिन नको होतं, दारावर नाव नको होतं. तिला एकच गोष्ट हवी होती: आपण बनवलेल्या काट्यावर आप्पांच्या हाताने बसलेली पितळी पट्टी.

"आप्पा," एक दिवस ती म्हणाली, "काट्याचा मेंदू आपला आपणच करू या."

"करा. पण उघडता आला पाहिजे."

"उघडाच असेल. त्यातली ऑपरेटिंग सिस्टीम आपण ओपन सोर्स घेऊ."

आप्पांनी चष्मा कपाळावर चढवला. ऐकायला डोळे मोकळे हवेत अशी त्यांची समजूत होती. "हे काय असतं?"

"यंत्रातला कारभारी समजा. सेन्सरकडून वजन घ्यायचं, आकडा दाखवायचा, बटण दाबलं की धावायचं, यातलं आधी कुठलं आणि मग कुठलं, हे तो ठरवतो. ओपन सोर्स म्हणजे या कारभाऱ्याचं सगळं दप्तर कुणीही वाचावं, दुरुस्त करावं, वापरावं. फुकट."

"फुकट?" आप्पांना शब्द आवडला नाही. "फुकट गेलेलं मी पाहिलंय, फुकट आलेलं नाही. यात कुणाचा काय फायदा?"

ती सांगणार तेवढ्यात तिचा नवरा आत आला. तो विक्री बघायचा, त्यामुळे कुठल्याही खोलीत तो वाक्याच्या मध्येच शिरायचा. "ओपन सोर्सच ना? माझ्याकडे आहे एक. रंगीत पडदा, बोटाने सरकवायचं, इंटरनेट, गाणी..."

"काट्यात गाणी?" सुनेने विचारलं.

"गिऱ्हाईक थांबलेलं असताना."

"काट्यावर गिऱ्हाईक थांबत नाही रे, वजन थांबतं."

आप्पांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. संसाराचं आणि धंद्याचं भांडण एकाच आवाजात चालू झालं की निवाडा लवकर करावा, हे त्यांना अनुभवाने कळलं होतं. "चिरंजीव, तू तुझा कारभारी घालून एक काटा कर. सूनबाई, तू तुझा घालून एक कर. दोन्ही माझ्यासमोर ठेवा. आणि एक लक्षात ठेवा, ज्याने निवडला त्याने निस्तरायचा."

दोन्ही काटे उभे राहायला काही आठवडे गेले. नवऱ्याने निवडलेली प्रणाली मोठी, जगन्मान्य, मोबाइलपासून महासंगणकापर्यंत कुठेही चालणारी. कारखान्यात तिचं नाव 'हत्ती' पडलं. सुनेने निवडलेली इतकी लहान, की नखाएवढ्या चिपमध्ये मावून वर जागा उरायची. ती 'चिमणी'.

काटे तपासायची आप्पांची पद्धत जुनीच होती. काट्यावर गोणी ठेवायची आणि ऐन वजनात मेन स्विच बंद करून पुन्हा लावायचा. "बाजारातली वीज आपल्याला विचारून जात नाही," असं ते म्हणत.

आप्पांनी स्विच पाडला. उचलला. त्यांचा हात खाली यायच्या आत चिमणीने गोणीचं वजन पुन्हा दाखवलं होतं. हत्तीच्या पडद्यावर आधी अंधार, मग एक गोल फिरणारं चक्र, मग कारखान्याचं चिन्ह, मग फुलांच्या नक्षीत 'आपले स्वागत आहे'.

"हा अजून आंघोळच करतोय का?" आप्पांनी विचारलं.

"अर्ध्या मिनिटात येतो, आप्पा."

"अर्ध्या मिनिटात गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जातं."

"पण दिसतो कसा बघा ना! आणि हत्तीही उघडाच आहे, त्याचंही दप्तर कुणीही वाचू शकतं."

"उघडा आहे हे खरं," सून म्हणाली. नवरा असला तरी तिला अन्याय करायचा नव्हता. "उत्तम प्रणाली आहे. मला उद्या रस्त्यावरचे कॅमेरे करायचे असते तर मी हीच घेतली असती. पण हत्ती उघडून बघायला हत्तीएवढी माणसं लागतात. माझ्या विभागात आम्ही चौघंच. चिमणी मी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली आहे."

"सगळी?" आप्पांनी विचारलं.

"सगळी. एके ठिकाणी चूकही सापडली. सेन्सर हलला की आकडा थरथरायचा. दुरुस्ती करून मी ती तिच्या कर्त्यांकडे पाठवली. जगाच्या पार त्या टोकाला कुणी बाई आहेत. त्यांनी ती तीनदा परत पाठवली, इथे नीट करा, तिथे नीट करा म्हणून. चौथ्यांदा घेतली. आता त्या दुरुस्तीखाली माझं नाव आहे."

"त्या बाईंना याचा पगार मिळतो?"

"नाही."

"मग त्यांचं काय अडलंय?"

सुनेने उलट विचारलं. "बाजारातले इतरांनी बनवलेले काटे तुम्ही का दुरुस्त करता, आप्पा? पैसे न घेता?"

"चुकीचा काटा बघवत नाही मला."

"त्यांनाही बघवत नसणार."

 त्या न दिसलेल्या बाईबद्दल आप्पांच्या चेहऱ्यावर जो आदर उमटला, तो त्यांनी सख्ख्या व्याह्यांनाही कधी दाखवला नव्हता. ते चिमणीच्या काट्याभोवती एक फेरी मारून आले. वाकून मागे पाहिलं. खाली पाहिलं. हा काटा नव्या घाटाचा होता. खांब नाही, काही नाही, जमिनीलगत पोलादी पाट आणि आकड्याची पाटी वायरने भिंतीवर. आप्पांनी घसा साफ केला.

"शून्याचा स्क्रू कुठे आहे?"

"स्क्रू लागतच नाही आता," मुलगा उत्साहाने म्हणाला. "दोन्हींत नाही. सकाळी बटणाने सुरू केला की काटा आपलं शून्य आपणच ठरवतो, मध्येच वीज गेली तर तेच लक्षात ठेवतो."

"म्हणजे सुरू करताना माल विकत घेणाऱ्याने पाटावर पाय दाबून ठेवला तर?"

यावर मुलगा गप्प झाला. ही घटना कारखान्याच्या स्मरणात राहिली.

"शून्य मालकाने ठरवायचं. काट्याने नाही," आप्पा म्हणाले. तत्त्व खणखणीत होतं. पण बोलताना त्यांचे कान लाल झाले होते, आणि ते कशामुळे हे खोलीत फक्त सुनेला समजलं.

दुसऱ्या दिवशी तिने चिमणीच्या दप्तरातलं एक पान छापून आणलं आणि आप्पा एकटे असताना त्यांच्यासमोर ठेवलं. एका ओळीवर बोट ठेवून म्हणाली, "काटा आता स्वतःचं शून्य ठरवत नाही. ते इथे लिहिलेलं असतं. आपण लिहू ते."

"हाच स्क्रू?"

"हाच."

आप्पांनी ओळ भिंगातून पाहिली. "फिरवता येतो?"

"येतो. हत्तीतही आला असता, पण तिथे आकडा इतक्या हातांतून येतो की नेमका कुणी फिरवला हे शोधताना माझी उमेद संपेल. इथे एकच हात आहे. फक्त एक गोष्ट आहे, आप्पा. फिरवला तर लपत नाही. जो कुणी हे पान वाचेल त्याला दिसेल."

 आयुष्यभर उघडेपणाचा पुरस्कार केलेल्या माणसाला उघडेपणा पहिल्यांदाच इतक्या जवळून दिसत होता.

"जरा अडचणच म्हणायची," ते म्हणाले. मग पानाची घडी करून खिशात ठेवली. "चिमणीच घ्या."

त्या रात्रीच्या जेवणात मुलाने आपलं दुःख ताटावर वाढून घेतलं. "एवढा रंगीत पडदा केला होता. आप्पांना भुरळ कशाची, तर म्हणे शून्याची. आणि आई, गंमत म्हणजे नव्या काट्याला स्क्रूच नाही!"

आईंचा वाढता हात थांबला. "स्क्रूच नाही?"

"नाही. सगळं आत, लिहिलेलं. कुणी हात लावला तर सगळ्या जगाला दिसणार."

"असं होय," आई म्हणाल्या, आणि स्वतःच्या ताटात पडणारी भाताची दुसरी मूद भांड्यात परत ठेवली.

पुढचे काही महिने सुनेचे काट्यात गेले, त्यामुळे घरात काय चाललंय याकडे तिचं लक्ष नव्हतं. एवढं मात्र तिच्या नजरेत आलं, की सासूबाई कपडे वाळत घालायला गच्चीवर जातात तेव्हा बादली नेत नाहीत. एक कपडा घेऊन जातात, वाळत घालतात, खाली येतात, दुसरा घेऊन जातात. तिने नवऱ्याला विचारलं.

"वय झालं की माणसं विसरभोळी होतात," तो म्हणाला.

काटा पूर्ण झाला. सरकारी तपासणीतून तो बिनतक्रार पास झाला, पण ते प्रमाणपत्र कारखान्यात कुणी फारसं मनावर घेत नसे. खरी तपासणी जिन्यावरून उतरणार होती. सगळी माणसं हातातली कामं टाकून जमली. वेल्डर पुढेच उभा राहिला.

आप्पा सुनेजवळ सरकले. ओठ न हलवता म्हणाले, "पाच."

"आप्पा, काट्याचं पहिलंच वजन..."

"मला कळतंय." त्यांनी खिशावर हात ठेवला. आत पट्टी होती. तिचा कोपरा कापडातून दिसत होता. "ती नाही म्हणाली, तर हा हात पट्टीपर्यंत जाणार नाही. माझा स्वभाव तुला माहीत आहे. एवढं एकदा. मग लगेच काढून टाक."

सुनेने आयुष्यात बऱ्याच चुका दुरुस्त केल्या होत्या, पण जाणूनबुजून चूक लिहायची ही पहिलीच वेळ. तिने लॅपटॉप उघडला, ती ओळ शोधली आणि शून्य पाच किलोंनी सरकवलं. काटा क्षणात पुन्हा सुरू झाला. इतक्या लवकर सुरू होणारी प्रणाली आपण निवडली याचं तिला पहिल्यांदाच वाईट वाटलं.

आई खाली आल्या. कठड्याला हात न लावता आल्या, हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही. पाटावर चढल्या, पदर सारखा केला आणि भिंतीवरच्या आकड्याकडे पाहिलं.

त्रेपन्न पूर्णांक तीन.

कारखान्यात एवढी शांतता पूर्वी फक्त वीज गेल्यावर व्हायची. आप्पांनी सुनेकडे पाहिलं. सुनेने लॅपटॉपकडे पाहिलं.

"चूक आहे," आई म्हणाल्या.

"कशी असेल?" आप्पांच्या तोंडून निसटलं.

"अहो, नेहमीच्या सवयीने फिरवलात ना? उगाच फिरवलात या वेळी."

"काय फिरवलं?" आप्पांनी विचारलं. त्यांना खोटं बोलायचा सराव नव्हता. इतकी वर्षं त्यांच्या वतीने काटा बोलत आला होता.

"स्क्रू! मी कारखान्याच्या वर राहते, चंद्रावर नाही. लुगड्याची निरी दोन बोटं आखूड पडायला लागली तेव्हाच मला कळलं, की माझं वजन वाढतंय आणि तुमचा हात मागे जातोय."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"सगळ्या गावाशी खरं बोलता. एक खोटं घरच्यासाठी राखून ठेवलंत. म्हटलं, असू दे, मान आहे आपला." मग सुनेकडे वळून म्हणाल्या, "पण हा म्हणाला, तुझ्या काट्याला स्क्रूच नाही. म्हटलं, या पोरीची पट्टी माझ्या वजनापायी अडायला नको. चार महिने गच्चीच्या पायऱ्या झिजवल्या मी."

"म्हणजे ते एकेक कपडा..." मुलगा म्हणाला.

"नाही तर काय, दोरीवर जीव जडला होता माझा? आणि तू म्हणे बायकोला सांगतोस, आई विसरभोळी झाली. पातळ भिंती आहेत आपल्या घराच्या."

सुनेने लॅपटॉप टेबलावर सगळ्यांना दिसेल असा फिरवला. ती ओळ दाखवली, मघाशी घातलेले पाच किलो पुसले, आणि बटण दाबलं. आई पाटावरून उतरल्या, पुन्हा चढल्या.

अठ्ठावन्न पूर्णांक तीन.

"तीनशे ग्रॅम," आप्पा सवयीने म्हणाले, आणि जीभ चावली.

आईंनी कमरेचा किल्ल्यांचा जुडगा सोडून मुलाच्या हातात दिला. आकडा घसरला आणि अठ्ठावन्नवर येऊन असा थांबला, की जणू लग्नापासून तिथेच उभा होता. थरथर नाही, काही नाही. ती थरथर कुणी काढली होती, हे त्या खोलीत एकीला आणि जगाच्या दुसऱ्या टोकाला एकीला माहीत होतं.

"बरोबर आहे," आई म्हणाल्या. या वेळी ते खरंच बरोबर होतं, आणि हे कळायला त्यांच्या नवऱ्याला कुणी सांगायला लागलं नाही. पाणावलेले डोळे त्यांनी आधीच चष्म्यामागे लपवले होते.

आप्पांनी पट्टी काढली, उपरण्याने पुसली. खांब नव्हता, म्हणून त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, मग गुडघे टेकून पोलादी पाटाच्या दर्शनी कडेला ती धरली. "सूनबाई, स्क्रूड्रायव्हर."

तिने दिला. एक स्क्रू त्यांनी बसवला. दुसऱ्याच्या वेळी हात पुढे करून म्हणाले, "हा तू फिरव. तुझाच काटा आहे."

आजवर पट्टीचा स्क्रू दुसऱ्या कुणी फिरवला नव्हता, मुलानेही नाही. मुलगा ते बघत होता, आणि रंगीत पडद्याचं दुःख त्याच्या चेहऱ्यावरून पार गेलं होतं, तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता, "बायको आहे माझी." सगळ्यांना ते आधीपासून माहीत होतं. वेल्डर म्हणाला, "आता स्टिकरवाले म्हणायची सोय राहिली नाही. वहिनी, दुसरं काही तरी सुचवा."

सुनेने पट्टीचा फोटो काढून त्या लांबच्या बाईंना पाठवला. त्यांचं उत्तर आलं, की फार सुंदर, आणि या भाषेत लिहिलंय काय? सुनेने लिहिलं, 'खरा काटा'.

पट्टी जाड पितळेची आहे. पाटावर बसवल्यामुळे, आणि शून्याच्या ओळीला पुन्हा कुणी हात न लावल्यामुळे, काटा रिकामा असताना तेव्हापासून एकशे ऐंशी ग्रॅम दाखवतो.